खोकल्याची पुडी

माझा मुलगा चार वर्षं अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये कॉर्नरबॅक होता. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्यांदा समजावून सांगितलं आहे, की आता सुरुवात करतानाच माझं डोकं तापतं. नाही, पायाने खेळतात तो नाही. हो, हेल्मेट घालून एकमेकांना आपटतात तोच. नाही, माझा मुलगा बॉल फेकत नाही. त्याचं काम असं, की समोरच्या टीममधला सगळ्यात वेगवान माणूस सुसाट सुटतो आणि आपण त्याच्याकडे तोंड करून उलटं पळायचं. तो कुठे वळणार हे त्याला ठाऊक असतं, आपल्याला नसतं. त्याच्या हातात बॉल पडू द्यायचा नाही. हे नीट जमलं तर बॉल आपल्या बाजूला येतच नाही आणि तीन तासांत टीव्हीवर आपलं नावही कुणी घेत नाही. एकदा पाय घसरला, की तेच दृश्य पाच बाजूंनी, हळू करून, देशभर दाखवतात. आईने बघत बसावी अशी ही नोकरी नव्हे. मी दर रविवारी नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावच्या आमच्या घरात सोफ्याच्या कडेवर बसून ती बघितली.

तो सातवीत असताना हे सुरू झालं. आमच्या गल्लीच्या टोकाला गाड्या वळवायला गोल जागा आहे, तिथे तो तासन्‌तास उलटा पळायचा. माझा नवरा म्हणायचा, जाईल डोक्यातून. गेलं नाही. मराठी मंडळातल्या बायका नाक मुरडायच्या. टेनिस नाही का, स्विमिंग नाही का, असं विचारायच्या. मंडळात एक काका आहेत. आहेत माझ्याच वयाचे, पण मुलं काका म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो. त्यांनी एकदा आमच्याच घरी, आमच्याच पुरणपोळीवर तूप घेता घेता, डोक्याला मार बसून मेंदूचं काय होतं ते मला अर्धा तास ऐकवलं. जसं काही मी ते वाचलंच नव्हतं. आधीच दचकून झोपेतून उठणाऱ्या आईला हे सांगून माणसाला काय मिळतं, मला अजून कळलेलं नाही.

कॉलेजच्या टीमला तो नको होता. तो स्वतःहून जाऊन त्यांच्या दारात उभा राहिला आणि तिसऱ्या वर्षी त्यांना त्याला स्कॉलरशिप द्यावी लागली. पुढे लीगच्या निवडीतही कुणी त्याचं नाव घेतलं नाही. सगळं संपल्यावर एका टीमचा फोन आला, येतोस का म्हणून. पहिली दोन वर्षं तो फक्त सरावाच्या गटात होता. म्हणजे आठवडाभर पुढच्या रविवारी येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायची, आपल्याच लोकांना त्याची सवय करून द्यायची आणि रविवारी ट्रॅकसूट घालून कडेला उभं राहायचं. तिसऱ्या वर्षी त्याच्या पुढे नंबर असलेल्या एकाचा गुडघा गेला आणि उरलेला अर्धा सीझन माझा मुलगा खेळला. बरा खेळला. चांगलाच खेळला, मी का लपवू?

त्याबरोबर मंडळाला एकदम तो आपला मुलगा वाटू लागला. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला त्याला बोलावून शाल आणि नारळ दिला. माईक त्याच काकांच्या हातात. आपल्या मातीतलं बीज, असं काहीतरी ते बोलत होते. मुलगा इथल्याच ग्रीन्सबरोच्या हॉस्पिटलात जन्मलाय. मला तो माईक ओढून घ्यावासा वाटला, पण मी हसत उभी राहिले. घरी आल्यावर शाल नीट घडी करून वरच्या कप्प्यात ठेवली. राग होता तसा आनंदही होता, हे कबूल करते.

त्या सीझनमध्ये आम्ही दोघं एकदा त्याचा सामना बघायला गेलो होतो. आदल्याच आठवड्यात त्याचा घोटा मुरगळला होता, तरी मैदानावर तो हरणासारखा पळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या अपार्टमेंटमध्ये मी चहा करत होते, तर हा बेडरूममधून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीला धरून आला. पाय टेकवत नव्हता.

"काल तर पळत होतास," मी म्हटलं.

"काल शॉट घेतला होता, आई."

"कसला?"

"पेनकिलर का काहीतरी. सगळे घेतात. It's fine."

"त्यात काय होतं?"

"I don't know. टीमचा डॉक्टर देतो ना."

विचारत गेले तसं कळलं, दर रविवारी, सामन्याआधी, रांगेत उभं राहून. घोट्यात सुई, कुणाच्या खांद्यात, कुणाच्या बरगडीत. दुखणं कळेनासं करायचं आणि दुखऱ्या जागेवर तीन तास नाचवायचं. त्यात काय आहे हे विचारायचं कुणाला सुचत नव्हतं आणि त्याबद्दल लीगचं कुणाला पत्रही येत नव्हतं. मी त्या दिवशी खूप बोलले, रडलेही. तो एवढंच म्हणाला, "प्लीज कुणाला फोन करू नको." मी नवऱ्याच्या फोनवरून टीमच्या ऑफिसला फोन केला. कुणी उचलला नाही.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी रिसर्च ट्रायँगल या इथल्या कंपन्यांच्या भागातल्या एका औषध कंपनीत लेबलं तपासते. गोळ्यांच्या खोक्यावर, बाटलीवर, आतल्या घडीच्या कागदावर जे छापलेलं असतं ते छापण्याआधी माझ्या टेबलावरून जातं. घटक, त्यांचं प्रमाण, काय घेऊ नये, कुणी घेऊ नये. एक टिंब सरकलं असेल तर मी सगळी छपाई थांबवते. ऑफिसात माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

आणि माझ्या घरात, मसाल्याच्या कपाटात, एक स्टीलचा डबा असतो. त्यावर माझ्याच अक्षरात चिकटपट्टीवर लिहिलंय, खोकला. आत पुड्या. नागपूरला आमचे वैद्य आहेत. आधी त्यांचे वडील होते. वर्तमानपत्राच्या नव्हे, पांढऱ्या कागदाच्या चौकोनी पुड्या बांधून देतात, सकाळ-संध्याकाळ मधातून घ्यायच्या. त्यात काय आहे हे आमच्या घरात कुणी, कधी, विचारलेलं नाही. वैद्यांना असं विचारणं म्हणजे जेवायला बोलावलेल्याने भाजीत काय काय घातलंय याची चौकशी करण्यासारखं. दरवर्षी भारतातून येताना मी त्या पुड्या कपड्यांच्या घडीत घालून आणते. मुलगा दोन वर्षांचा असल्यापासून त्याच पुड्यांवर वाढलाय.

चौथ्या वर्षी जुलैमध्ये, सीझनआधीचा सरावाचा कॅम्प सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत, तो घरी आला तो खोकत. छातीत घरघर. या कॅम्पमध्ये तिसऱ्या कॉर्नरबॅकची जागा कुणाला मिळते हे ठरायचं होतं. नव्याने आलेली दोन पोरं होती आणि हा. जागा मिळाली तर पाय रोवता आला असता, नाही मिळाली तर घरी. हे त्याने मला जेवताना दोनदा सांगितलं होतं. मी उठून डबा काढला, मधात पुडी कालवली आणि वाटी त्याच्यापुढे ठेवली.

"आई, यात काय आहे?"

"औषध आहे."

"No, I mean, कशाकशाचं? मला ट्रेनरला विचारावं लागतं. ॲप आहे, त्यात इन्ग्रेडियंट्स टाकायचे असतात."

"इतकी वर्षं घेतोयस. काही झालं का तुला?"

"नाही, पण आता ते टेस्ट करतात ना."

"मग ॲपला विचारून खा आईच्या हातचं. सुई टोचून घेताना नाही विचारलंस, आत काय आहे म्हणून?"

याच शब्दांत मी बोलले. मला ते शब्द आठवतात, कारण बोलताना मला फार बरं वाटलं होतं. सहा महिने आत साठलेलं बाहेर आलं होतं. तो हसला, मान हलवली आणि वाटी चाटूनपुसून साफ केली. चौथ्या दिवशी खोकला थांबला. तरी जाताना मी त्याच्या बॅगेत आणखी सहा पुड्या टाकल्या. त्याच आठवड्यात ऑफिसात मी एका सरबताच्या बाटलीचं लेबल परत पाठवलं होतं, कारण रंगासाठी घातलेल्या पदार्थाचं नाव त्यात नव्हतं.

कॅम्पच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांची लघवी तपासली जाते. पुढे थोड्याच दिवसांत त्याला लीगचं पत्र आलं. लघवीत एफेड्रिन सापडलं होतं, खेळाडूंना बंदी असलेलं उत्तेजक. त्याने मला पत्राचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून नागपूरला फोन लावला.

"त्यात सोमलता असते ना ताई," वैद्य अगदी शांतपणे म्हणाले. "दम्याला, खोकल्याला उत्तम. आमचे वडील घालायचे, आम्हीही घालतो. का, गुण नाही आला?"

एफेड्रिन कशातून येतं हे मला माहीत आहे. सोमलता त्याच एफेड्रा जातीची वनस्पती. या देशात ती कुठल्याही पुडीतून विकायला बंदी आहे, हेही माहीत आहे. हे कळायला मला माझ्या शिक्षणातलं एक पानसुद्धा उलटावं लागलं नसतं. फक्त विचारायला हवं होतं. मी वैद्यांवर ओरडले. ते बिचारे ऐकत राहिले. मग मी नवऱ्यावर ओरडले, की तुला तरी सुचायला नको होतं का? मग लीगवर, टीमच्या डॉक्टरवर, त्या ॲपवर. सगळ्यांवर ओरडून झालं तरी माझी चूक तिथेच होती.

खेळाडूंच्या संघटनेने त्याला एक वकीलबाई दिली होती. ती फोनवर स्पष्ट बोलली. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, कसं आलं याला महत्त्व नाही. बंदी पहिल्या काही सामन्यांची. पण अपील करता येतं. उरलेलं औषध असेल, प्रयोगशाळेत तपासून त्यात तेच सापडलं आणि ज्याने दिलं ती व्यक्ती समोर येऊन सांगायला तयार असेल, तर कधीकधी शिक्षा कमी करतात. खात्री देत नाही, म्हणाली, पण याहून चांगली संधी नाही.

माझ्याकडे अकरा पुड्या होत्या. त्या मी झिपच्या पिशवीत भरल्या. इंग्रजीत निवेदन टाईप केलं, ऑफिसात लिहिते तसं मुद्देसूद. मी दिलं, त्याने घटक विचारले होते, मी सांगितले नाहीत. सही केली. नवरा आणि मी आठ तास गाडी हाणत त्याच्या अपार्टमेंटला पोचलो. दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओवर सुनावणी होती.

त्याने निवेदन वाचलं, घडी घातली आणि माझ्या पर्सखाली सरकवून दिलं.

"नको, आई."

"का नको?"

"हे लीक होतं. सगळं लीक होतं. Indian mom's magic powder. तुझा फोटो टाकतील. लोक हसतील तुझ्यावर. आणि तू ड्रग कंपनीत काम करतेस, यार. लेबल डिपार्टमेंट. तुझा जॉब जाईल."

"मग तू काय सांगणार?"

"ऑनलाइन घेतलं म्हणून. फेकून दिलं, नाव आठवत नाही."

मी वाद घातला. खोटं कशाला सांगू, फार वेळ नाही घातला. नवरा फ्रिजला टेकून उभा होता. माझ्या डोळ्यांसमोर माझी मॅनेजर आली, मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आला, ते काका आले. मी म्हटलं, बरं, तू म्हणशील तसं. आणि मला हायसं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं हायसं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

सुनावणीच्या वेळी मी आतल्या खोलीत बेडवर बसले होते, दार थोडं उघडं होतं. विचारणारा म्हातारा सभ्य आवाजाचा होता. कुठून घेतलं? ऑनलाइन, सर. बाटली आहे? नाही, सर. कंपनीचं नाव? आठवत नाही, सर. प्रत्येक "सर"ला माझ्या मांडीवरची पिशवी चुरचुरत होती. कॉर्नरबॅकला कॉलेजातच एक गोष्ट शिकवतात. आपल्या डोक्यावरून बॉल गेला, समोरच्याने गुण मिळवले, तर मागे उभ्या असलेल्या आपल्या साथीदाराकडे बोट दाखवायचं नाही. चूक त्याची असली तरी नाही. सगळं स्टेडियम आपल्याकडे बघत असलं तरी मान खाली घालून आपल्या जागेवर जाऊन उभं राहायचं. माझा मुलगा हे फार चांगलं शिकला होता. मी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, दाराआडून.

बंदी कायम राहिली. ऑगस्टअखेर टीमने यादी कापली तेव्हा त्याला काढून टाकलं. पहिला महिनाभर नसणारा तिसरा कॉर्नरबॅक ठेवतो कोण? टीमचा एक माणूस येऊन म्हणाला, टॅब्लेट घेऊन वर कोचच्या ऑफिसात ये. त्यातच टीमचे सगळे डावपेच असतात, म्हणून आधी तो काढून घेतात. जिने दर रविवारी सुई टोचली त्या टीमने त्याला खाली सोडायलाही कुणी पाठवलं नाही. लीगने जाहीर केलं ते एका ओळीत, कामगिरी वाढवणाऱ्या पदार्थांच्या धोरणाचं उल्लंघन. पदार्थाचं नाव ते सांगत नाहीत. मग लोक आपल्या मनाने भरतात आणि कफाचं औषध कुणी भरत नाही. त्या वर्षी दोन टीम्सनी त्याला चाचणीला बोलावून पळवून बघितलं आणि दोघींनी आभार मानून परत पाठवलं. तो सव्वीस वर्षांचा होता.

मंडळाने मूग गिळले. मूग गिळले म्हणजे आमच्यासमोर. त्या वर्षीच्या गणपतीत आमच्याशी सगळे हवामानाबद्दल बोलले.

आता तो इथून तासाभरावरच्या एका शाळेत गणित शिकवतो आणि तिथल्या टीमला सराव देतो. घोटा थंडीत दुखतो. गेल्या दिवाळीत मंडळाचं शनिवारी दुपारचं जेवण होतं, एका वसाहतीच्या क्लबहाउसमध्ये. तो बाबांच्या आग्रहाखातर आला. चिवड्याच्या टेबलाशी ते काका दोन नव्या जोडप्यांना मुलांच्या खेळाबद्दल सल्ला देत होते. माझा मुलगा दहा पावलांवर प्लेट घेऊन उभा होता. काकांनी आवाज उतरवला, पण पुरेसा नाही.

"टॅलेंट होतं, नाही म्हणत नाही. पण शॉर्टकट घेतला की असंच होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी प्लेट ठेवली आणि तिथेच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सगळं सांगितलं. पुडी मी दिली. त्याने विचारलं होतं, मी सांगितलं नाही. त्याने माझ्यासाठी खोटं सांगितलं. खोकल्याची पुडी होती, काका, शॉर्टकट नव्हता. बोलताना माझा आवाज खणखणीत होता.

मग एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, एवढंच होय? मग आधी सांगायचं ना." काकांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, "सॉरी यार, आम्हाला काय माहीत." कुणी हसलं नाही. कुणी फोटो काढला नाही. नव्या जोडप्यातली मुलगी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, तिच्या बाळालाही सारखा कफ होतो, नागपूरच्या वैद्यांचा नंबर मिळेल का? मी तिच्यावर खेकसले.

परत येताना नवरा गाडी चालवत होता, मुलगा मागे. मला वाटलं होतं, तो थँक यू म्हणेल. निदान आता लोकांना खरं कळलं, असं काहीतरी. तो काचेबाहेर बघत होता.

"तूच नको म्हणाला होतास," शेवटी मीच म्हटलं. "तेव्हा मी तयार होते. सगळं लिहून आणलं होतं."

"I know."

"मग?"

"मी नको म्हटलेली एक गोष्ट तू कधी ऐकलीस, आई? भात नको म्हटलं तर वाढतेस. फोन करू नको म्हटलं तर करतेस. सगळ्या आयुष्यात एकदाही नाही." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "तेवढंच एक ऐकलंस."

नवऱ्याने आरशात त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला दोघांचाही राग आला.